भिंत वाळेपर्यंत रंगाचा डबा उघडू नका

चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं २२ जुलै २०२१ ला. त्या वर्षीची गणेश चतुर्थी होती १० सप्टेंबरला. मध्ये जेमतेम सात आठवडे, तेही भर पावसातले. भिजलेली भिंत आतपर्यंत वाळायला इंचाला साधारण एक महिना लागतो, असा इमारत दुरुस्तीतला जुना ठोकताळा आहे. म्हणजे नऊ इंची भिंतीला पाऊस सरल्यानंतरचा सगळा हिवाळा, आणि वर उन्हाळ्याचाही काही भाग. गणपती तेवढे थांबत नाहीत. म्हणून कोकणात पुरानंतर, किंवा नुसत्या गळतीनंतरही, ओल्या भिंतीवरच रंग चढतो. चतुर्थीला घर झकास दिसतं आणि दिवाळीच्या आसपास त्याच भिंतीला पोपडे सुटून मागून काळे-हिरवे ठिपके डोकावायला लागतात.

मग दोष रंगाऱ्याला, नाहीतर रंगाला. खरं तर बुरशी पाण्याच्या मागून येते. पाणी कुठून येतंय ते शोधलं, थांबवलं आणि भिंत वाळू दिली, तर तिला घालवायला साबणाचं पाणीही पुरतं. ते केलं नाही तर कितीही महागडं औषध मारा, पुढच्या मृगाला ती परत हजर.

बुरशीला लागतं तरी काय

बुरशीचे बीजाणू, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या तिच्या बिया, हवेत कायम तरंगत असतात. घरातून त्यांना हद्दपार करता येत नाही आणि करायची गरजही नाही. कोकणातलं तापमान तिला बारा महिने मानवतं. खायला कागद, लाकूड, सुती कापड, चामडं, रंगातला चिकट पदार्थ, भिंतीवर बसलेली धूळ, स्वयंपाकघरातला तेलकट थर असं काहीही चालतं. सिमेंट किंवा दगड ती खात नाही, त्यांच्यावर साचलेलं खाते. म्हणून पंख्याच्या पात्यांवर आणि प्लास्टिकच्या खुर्चीखालीसुद्धा ती दिसते.

राहतं पाणी. वस्तू भिजली की २४ ते ४८ तासांत बुरशी मूळ धरू लागते. डोळ्यांना दिसायला आणखी काही दिवस जातात. पुरानंतरच्या पहिल्या दोन दिवसांना एवढं महत्त्व आहे ते यामुळे. आणि भिजायलाच हवं असंही नाही. पृष्ठभागाजवळच्या हवेची आर्द्रता बरेच दिवस ७०-८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिचं भागतं. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, असं तज्ज्ञ सांगतात. जुलैत देवगडला किंवा गुहागरला राहणाऱ्या माणसाला यावर हसू येईल, आणि ते रास्त आहे.

खिडक्या उघडायच्या की नाही

‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो कोरड्या मुलखातल्या लोकांनी दिलेला आहे. आपल्याकडे तो अर्धाच लागू पडतो.

समजा बाहेर ३० अंश तापमान आहे आणि आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेतली वाफ साधारण २७ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की तिचं पाणी होतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तो असाच. आता घरात २७ अंशांपेक्षा गार काय काय असतं ते बघा. उन्हाचं तोंड न पाहिलेली मागची भिंत, कपाटामागचा कोपरा, फरशी. आणि एसी लावलेली खोली तर असतेच: आत २२ अंश ठेवलेत, तर त्या खोलीच्या भिंतीला दुसऱ्या बाजूने, जिन्याकडून किंवा माजघराकडून, बुरशी धरते. लोक त्याला गळती समजून गवंड्याला बोलावतात.

तेव्हा झड चालू असताना खिडक्या बंद बऱ्या. उघडीप मिळाली, ऊन पडलं, वारा सुटला की सगळं सताड उघडायचं. पंखा मात्र शक्य तेवढा चालू ठेवावा, कारण कोपऱ्यात साठलेली हवा हलली तरी फरक पडतो. त्यासाठीच कपाटं, पलंग भिंतीपासून चार बोटं तरी दूर हवेत. घरात दोऱ्या बांधून कपडे वाळत घालण्याला पावसाळ्यात पर्याय नसतो हे मान्य, पण बालदीभर कपड्यांतलं पाणी कुठे नाहीसं होत नाही. ते हवेत जातं आणि रात्री भिंतीवर उतरतं. ते कपडे पडवीत किंवा निदान एकाच खोलीत, दार लावून आणि खिडकीकडे तोंड करून पंखा लावून वाळवावेत.

जुन्या घरांत ही गोष्ट चूल सांभाळायची. चुलीची धग आणि धूर माळ्यापर्यंत जायचा, लाकूड-बांबू कोरडे राहायचे, वाफ कौलांच्या फटींतून बाहेर पडायची. गॅस आला आणि डोळ्यांची जळजळ गेली, हे चांगलंच झालं. पण एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं, आणि वर स्लॅब असेल तर ते आतच घुटमळतं. शेगडी पेटली की एक्झॉस्ट पंखा सुरू, ही सवय पावसाळ्यात तरी लावून घ्यावी.

उष्णतेचा उपयोग कपाटातही होतो. २८ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा नुसती ३३ अंशांपर्यंत तापवली तर तीच आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली येते. पाणी तेवढंच राहतं, पण ते धरून ठेवायची हवेची ताकद वाढते. कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती यामुळे चालायची. एलईडी बल्ब लावून ती करू नका, त्याला पुरेशी ऊबच नसते. आणि जुना बल्ब लावलात तर कपडे त्याच्यापासून लांब ठेवा, आग लागू शकते. बंद कपाटासाठी बाजारात मिळणारे, पाणी शोषून तळाशी साठवणारे डबे ठीक काम करतात. डांबराच्या गोळ्यांचा मात्र ओलीशी काही संबंध नाही, त्या किड्यांसाठी आहेत. खोलीसाठी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र, घेणार असाल तर दारं-खिडक्या बंद करून चालवा, नाहीतर तो अरबी समुद्र सुकवत बसेल.

पूर ओसरल्यावर

घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद. बोर्डात आणि भिंतीतल्या पाइपांत पाणी राहतं, त्यामुळे वायरमनने बघितल्याशिवाय पंखे लावून घर वाळवायच्या भानगडीत पडू नये. पायात गमबूट, हातात रबरी मोजे. पुराच्या चिखलात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार कोकणाला नवा नाही. सफाईनंतरच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, तर अंगावर न काढता दवाखाना गाठावा आणि ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

काहीही फेकण्याआधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची खूण, फ्रीज, गाद्या, सगळ्याचे. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत कुजका माल घरात साठवून ठेवणारी माणसं असतात, कारण पुरावा जाईल ही भीती. फोटो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष असली की सामान बाहेर काढता येतं.

चिखल ओला असतानाच धुऊन काढायचा. वाळला की तो दगडासारखा धरतो आणि धुळीतून घरभर उडतो. मग सामानाची निवड. गाद्या, उशा, सोफ्याचा फोम, फुगलेलं पार्टिकल बोर्ड हे टाकायचं. ‘गादी पिंजून घेऊ’ हा मोह सगळ्यांना होतो, पण गटाराचं पाणी पिऊन आलेला कापूस पिंजून शुद्ध होत नाही. प्लायवूड पदर सुटलं नसेल तर वाचतं. सागवान, फणसाचं लाकूड बहुधा वाचतं, पण ते कडक उन्हात टाकू नका, तडकेल; सावलीत, वाऱ्यावर, खाली विटा लावून ठेवा. ड्रॉवर आणि दारं काढून वेगळी वाळवा. कपडे गरम पाण्यात साबणाने धुऊन उन्हात.

भिंतीचं काम सगळ्यात चिवट. हाताच्या बोटांनी गिलावा ठोकून बघा. पोकळ वाजला तर तो सुटलेला आहे आणि मागे पाणी धरून आहे. पाण्याच्या खुणेच्याही फूटभर वरपर्यंत तपासा, कारण चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, आणि वीट खालून पाणी वर ओढतात. सुटलेला गिलावा पाडून टाका. ऑइल पेंट असेल तर खरवडून काढा, तो भिंतीला श्वास घेऊ देत नाही. जांभा भरपूर पाणी पितो, पण उघडा राहिला तर ते सोडतोही. आपण त्याच्यावर सिमेंटचा जाड थर आणि वर प्लास्टिक इमल्शन चढवून त्याची वाट बंद केली आहे. जुन्या चुन्याच्या भिंतींना ओल नव्हती असं नाही, पण ती अडकून राहत नसे.

साबण, ब्लीच आणि ॲसिड

दिसतेय ती बुरशी काढताना कोरड्या कुंचल्याने किंवा झाडूने घासू नये. त्याने बीजाणू उडतात आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. आधी साबणाच्या पाण्याने पृष्ठभाग ओला करायचा, मग कपड्याने पुसायचं, कापड सारखं स्वच्छ पाण्यात धुवायचं, शेवटी कोरडं करायचं. नाकावर एन-९५ मास्क, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. पंखा त्या वेळी बंद. तीन फूट लांब-तीन फूट रुंद एवढ्यापर्यंतचा भाग घरच्या घरी साफ करता येतो, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. त्याहून मोठा भाग असेल, किंवा घरात दमेकरी असेल, तर माणूस लावा आणि दमेकऱ्याला त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

ब्लीचबद्दल आपल्याकडे फार श्रद्धा आहे. फरशी, टाइल्स, सिंक यांवर ते चालतं: एक लिटर पाण्यात साधारण ६० मिलिलिटर घरगुती ब्लीच. चिऱ्यावर, गिलाव्यावर, लाकडावर मात्र त्यातलं क्लोरिन वरच्या वर राहतं आणि पाणी आत मुरतं. डाग पांढरा होतो, म्हणजे दिसेनासा होतो, आणि आत बुरशीला वर आणखी पाणी पाजलेलं असतं. शिवाय मेलेल्या बुरशीचीही ॲलर्जी होते, म्हणून मारण्यापेक्षा पुसून काढणं महत्त्वाचं.

एक गोष्ट मात्र आरडाओरडा करून सांगायची आहे. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर, व्हिनेगरबरोबर किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो, आणि न्हाणीघरासारख्या कोंदट जागेत तो जिवावर बेततो. पुरानंतर ब्लीचिंग पावडर घरोघरी असते आणि ॲसिडची बाटली कोपऱ्यात असतेच.

पाणी येतं कुठून

पूर न येता बुरशी धरलेल्या घरांसाठी हा भाग आहे, आणि तीच घरं जास्त. आधी बघा की ती बुरशी आहे का. जमिनीलगत भिंतीवर पांढरी, खरखरीत भुकटी येते आणि रंग उडतो, तो बहुतेक वेळा लोणा असतो: भिंतीतून वर चढलेल्या पाण्याबरोबर आलेले क्षार. पाण्याचा थेंब टाकला की लोणा विरघळतो, बुरशी विरघळत नाही. लोण्यावर बुरशीचं औषध मारून काही होत नाही, पण दोघांचा मालक एकच, ओल.

डाग वर असेल तर कौलं बघा. वानरांनी एक कौल सरकवलं तरी पाणी वाशावरून वाहत जाऊन भलतीकडेच उतरतं, म्हणून डागाच्या बरोबर वर भोक सापडेलच असं नाही. स्लॅब असेल तर पन्हळी आणि पाइपाची तोंडं पानांनी तुंबली आहेत का ते आधी बघा. वॉटरप्रूफिंगचा खर्च नंतर. स्लॅबवर पत्र्याची शेड हा आपल्याकडे सार्वत्रिक झालेला उपाय दिसायला कुरूप आहे पण गुणी आहे, विशेषतः तिच्या कडा भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट आल्या तर.

डाग पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीवर असेल तर ती झड. पूर्वी पावसाआधी पडवीला विणलेले झाप बांधायचे; आता निळी ताडपत्री येते. ती भिंतीला चिकटवून बांधू नका. मध्ये हातभर जागा सोडा, नाहीतर पाणी अडवता अडवता भिंतीची हवाच कोंडते.

आणि डाग खाली असेल, घर उताराला कापून बांधलेलं असेल, तर मागची भिंत डोंगराला टेकलेली आहे का ते पाहा. श्रावणात डोंगराला झरे फुटतात आणि ते पाणी सरळ जोत्यात येतं. भिंतीपासून हातभर अंतरावर जोत्याच्या पातळीखाली चर खणून पाणी बाजूला काढणं हे आतून मारायच्या कुठल्याही रसायनापेक्षा स्वस्त आहे. वर्षानुवर्षं मागच्या बाजूला माती साचून ती जोत्याच्या वर येते, ती उपसली तरी पुष्कळ घरांची ओल उतरते.

रंग कधी

भिंत वाळली का हे कळण्यासाठी हातभर चौकोनी प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि २४ तासांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी अजून भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेतली वाफ बसतेय, म्हणजे उपाय वेगळा. दोन-तीन जागी, त्यातही जमिनीजवळ, करून बघावं.

गणपतीसाठी काहीतरी करायलाच हवं असेल तर चुना मारा. चुना ओल्या भिंतीलाही चालतो, तिची वाफ अडवत नाही, आणि ताजा असताना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की बुरशीला तिथे रुजणं जड जातं. हवेशी संयोग होऊन ही तीव्रता महिन्यामहिन्याने उतरते; दरवर्षी चुना काढायची पद्धत त्यामुळे उपयोगाचीच होती. खरा रंग उन्हाळ्यात, प्लास्टिकच्या चाचणीत भिंत कोरडी निघाल्यावर द्या. बुरशीरोधक रंग चांगले असतात, पण कोरड्या भिंतीवर. मखराच्या मागे चुन्याची भिंत असली म्हणून बाप्पाने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

तब्येत, कागद, खोबरं

दमट, बुरशी धरलेल्या घरात दमा आणि श्वसनाच्या तक्रारी वाढतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्पष्ट म्हटलं आहे. घरात कुबट वास आहे, सकाळी शिंका, खोकला, आणि बाहेरगावी गेलं की बरं वाटतं, हा क्रम असेल तर घराकडे बघा. २०२१ च्या उन्हाळ्यात ‘काळी बुरशी’ म्हणून जी भीती पसरली तो म्युकरमायकोसिस होता, मुख्यतः मधुमेह असलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या कोविड रुग्णांना झालेला. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. तरीही प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाने बुरशी साफ करायला बसू नये.

भिजलेले सातबारा, खरेदीखतं, फोटो यांना दोन दिवसांत हवा लावता येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीत बुरशी थांबते आणि सवडीने एकेक काढून, पानांमध्ये कोरा कागद घालत वाळवता येतं. चिकटलेली पानं ओढू नयेत. फोटो मात्र एकमेकांना चिकटण्याआधी स्वच्छ पाण्यात धुऊन सुटे वाळवलेले चांगले.

सुकं खोबरं, शेंगदाणे, तांदूळ यांना बुरशी लागली तर पुसून, भाजून वापरायचं नाही. काही बुरश्या त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडतात, आणि ते धुण्याने किंवा शिजवण्याने जात नाही. आगोटीला, म्हणजे पावसाआधी, भरलेला माल टाकवत नाही, हे खरंच आहे.

कुलूपबंद घरं

चाकरमान्यांची घरं मे अखेरीला बंद होतात ती गणपतीला उघडतात. निघताना कपाटांची दारं उघडी, गाद्या उभ्या, भिंतीपासून सुट्या. फ्रीज रिकामा, पुसलेला, दार किंचित उघडं. पाण्याची मुख्य तोटी बंद. चामडी चपला आणि पट्टे सोबत न्या. पाऊस आत येणार नाही अशी पत्र्याखालची हवेची वाट असेल तर ती बुजवू नका. किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना महिन्यातून एखाद्या उघडिपीला दोन-तीन तास घर उघडायची विनंती करा, आणि त्याचा मोबदला द्या. शेजारधर्मावर फार भार टाकू नये. परत आल्यावर दारं-खिडक्या उघडून अर्धा तास पडवीतच बसा, मग मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायला घ्या. पंख्याची पाती आधी पुसायची, बटण त्यानंतर.